पाणी नितळ झालं तरी मासे न विकणारं दुकान

पिंपरीच्या भाजी मंडईमागं एक अरुंद गल्ली आहे. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला पिशवी डोक्यावर घ्यावी लागते. तिथं आत गेल्यावर डाव्या हाताला पाळायच्या माशांचं एक दुकान आहे. दुकानाला पाटी नाही. शटरच्या वर निळा पत्रा आहे, त्यावर कधीकाळी मासा रंगवलेला होता, आता नुसती शेपटी ओळखू येते. दुकान एक बाई चालवते, वय चाळिशीच्या आसपास. मी तिला ताई म्हणतो, ती मला काका म्हणते. गेल्या महिन्याभरात मी या दुकानात आठ वेळा गेलो आणि पहिल्या सात वेळांत तिनं मला एकही मासा विकला नाही. म्हणूनच हे लिहायला बसलो आहे.

मी एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून निवृत्त झालो. राहायला जुन्या सांगवीत. नातीचा नववा वाढदिवस ९ नोव्हेंबरला होता, रविवार. तिनं फिश टँक मागितला होता. आम्ही एका मोठ्या, चकचकीत दुकानात गेलो. दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच अशी काच, पॉवर फिल्टर, एअर पंप, लाइट, दहा किलो खडे, मागचा निळा कागद, खाण्याचा डबा, पाण्यातला क्लोरिन घालवणाऱ्या अँटीक्लोरची बाटली. आणि त्याच दिवशी, त्याच पिशवीत, दोन गोल्डफिश आणि चार काळ्या मॉली. "संध्याकाळी पाणी भरा, तासाभरानं मासे सोडा," एवढंच सांगितलं. मी घरी येऊन खडे चार पाण्यांतून धुतले, पाचव्या पाण्यालाही गढूळपणा होता म्हणून आणखी दोनदा धुतले. १५ लिटरच्या बादलीनं मोजून पाणी भरलं, पावणेचार बादल्या बसलं. म्हणजे ५६ लिटर. रात्री लाइट लावला तेव्हा घरातले सगळे टाकीसमोर बसून जेवले.

मंगळवारी सकाळी पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालं होतं.

आता इथं मी जे केलं ते नव्यानं टाकी आणणारे दहातले नऊ जण करत असतील, म्हणून सविस्तर लिहितो. पाणी घाण झालं म्हणजे पाणी बदलायचं, हे सरळ गणित. बुधवारी मासे बादलीत काढले, सगळं पाणी ओतून दिलं, खडे पुन्हा धुतले, फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत पिळला. ताजं पाणी भरलं. दोन दिवस चकाचक. शुक्रवारी पुन्हा तेच धुवण, पहिल्यापेक्षा दाट. दुकानात फोन केला तर म्हणाले पाणी स्वच्छ करायचं औषध येतं, ते घ्या. निळी बाटली, ३५० रुपये. टोपणभर टाकलं. रात्रीतून पाणी खरंच निवळलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत पांढरं. शेजारचे म्हणाले तुरटी फिरवा, आम्ही पावसाळ्यात पिण्याच्या पाण्याला फिरवतोच की. नशिबानं ते केलं नाही.

रविवारी पहाटे उठलो तर सगळे मासे पाण्याच्या वरच्या थरात तोंड काढून होते. एक मॉली खड्यांवर आडवी पडलेली. दुसरी सोमवारी गेली. ती नातीनं आधी पाहिली. शाळेला जायच्या आधी टाकीपाशी गेली आणि तिथूनच तिनं "आबा" अशी हाक मारली. त्या आवाजावरून मला कळलं काय झालंय.

मंडईत मी ज्यांच्याकडून पालेभाजी घेतो त्या बाईंनी मला या गल्लीतलं दुकान सांगितलं. त्यांच्या मुलानं गप्पी पाळलेत. मंगळवारी, १८ तारखेला, तिथं गेलो. मी म्हणालो, "ताई, पाणी साफ करायचं चांगलं औषध द्या, आणि दोन मॉली." तिनं हातातलं काम ठेवलं आणि विचारायला सुरुवात केली. टाकी कधी भरली? किती लिटर? मासे कुठले, किती? दिवसातून कितीदा खायला घालता? पाणी पांढरं पहिल्या दिवशी झालं की तिसऱ्या? बदललं का? किती? फिल्टर कशात धुतला? पाणी आणलंय का सोबत?

वर्कशॉपमध्ये आमच्याकडे गाडी आली की जुने मिस्त्री आधी बॉनेट उघडत नसत. ड्रायव्हरला विचारत आणि इंजिन चालू करून धूर बघत. काळा धूर म्हणजे हवा कमी पडतेय किंवा डिझेल जास्त जातंय. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय, नाहीतर कुठून तरी पाणी शिरतंय. धुराच्या रंगावरून निम्मं निदान व्हायचं. पस्तीस वर्षं हे केलेला माणूस मी, आणि पाण्याचा रंग कसा वाचायचा हे मला त्या बाईनं पाच मिनिटांत शिकवलं. पाणी भरल्या भरल्या राखाडी किंवा मातकट दिसलं तर खड्यांची धूळ. ती एका दिवसात बसते किंवा फिल्टर ओढून घेतो. दोन-चार दिवसांनी दुधाळ झालं तर जंतूंची वाढ. हिरवं झालं तर शेवाळ, म्हणजे लाइट किंवा ऊन जास्त. चहासारखं पिवळं-तांबूस झालं तर आत लाकूड ठेवलंय, त्याचा रंग उतरतोय, त्यानं मासे मरत नाहीत. या चारही गोष्टींना लोक "पाणी गढूळ झालं" असंच म्हणतात आणि चारहींवर एकच बाटली आणतात.

मग मी घरी जाऊन पाण्याची बाटली घेऊन परत आलो. रिकाम्या हातानं ती काही सांगायला तयार नव्हती.

तिच्या काउंटरवर काचेच्या नळ्या आणि थेंबाच्या बाटल्यांचा एक डबा असतो. ५ मिली पाणी, त्यात एका बाटलीचे आठ थेंब, दुसऱ्या बाटलीचे आठ थेंब, टोपण लावून हलवायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. ही अमोनियाची चाचणी. पाणी पिवळं राहिलं तर अमोनिया नाही. आमचं पाणी गर्द हिरवं झालं. रंगाच्या कार्डाशी लावून तिनं दाखवलं, ४. म्हणजे लिटरमागं ४ मिलिग्रॅम. नायट्राइटची नळी फिक्या निळ्या रंगाचीच राहिली, म्हणजे शून्य. पीएच, म्हणजे पाणी आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा, ७.८. ती म्हणाली, "काका, पीएच जेवढा वर तेवढा हाच अमोनिया जास्त विषारी. तुमच्या चार माशांची कमाल आहे. आज मी तुम्हाला मासा देणार नाही आणि औषधही नाही."

मग तिनं समजावून सांगितलं ते माझ्या शब्दांत लिहितो.

मासे श्वासावाटे, म्हणजे कल्ल्यांतून, आणि विष्ठेतून अमोनिया सोडतात. न खाल्लेलं खाणंही कुजून अमोनियाच होतं. चालू टाकीत फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर, काचेवर दोन जातींचे जंतू चिकटून राहतात. पहिले अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट बऱ्याच प्रमाणात मासे सोसतात आणि पाणी बदलून ते कमी करता येतं. या जंतूंची नावंही तिला पाठ आहेत, नायट्रोसोमोनास आणि नायट्रोस्पायरा. नव्या टाकीत हे दोन्ही जवळजवळ नसतात आणि त्यांची वाढ फार सावकाश. त्याउलट उरलेल्या खाण्यावर आणि घाणीवर जगणारे दुसरे जंतू पाण्यात तरंगत वाढतात, तेही तासांच्या हिशेबात. पांढरा ढग दिसतो तो या दुसऱ्यांचा. ते प्राणवायू खातात, म्हणून पहाटे मासे वर तोंड काढतात. मी सगळं पाणी बदललं तेव्हा ढग गेला, पण स्पंज नळाखाली धुतल्यामुळं जे काही थोडे कामाचे जंतू येऊन चिकटले होते तेही क्लोरिनच्या पाण्यानं गेले. खाणं मात्र मी दिवसातून तीनदा घालतच होतो. मग ढग परत येणार नाही तर काय होणार?

निळ्या बाटलीचंही तिनं सांगितलं. ते औषध बारीक कणांना एकमेकांना चिकटवून त्यांच्या गुठळ्या करतं, गुठळ्या फिल्टरमध्ये अडकतात. खड्यांच्या धुळीवर ते चांगलं चालतं. जंतूंचा ढग त्यानं तेवढ्यापुरता बसतो, पण त्यांचं खाणं टाकीतच असतं. आणि तुरटीबद्दल विचारलं तर तिनं हातच जोडले. तुरटीनं पाणी आम्लाकडं झुकतं आणि माशांच्या कल्ल्यांना त्रास होतो.

"दूध कितीही चांगलं असलं तरी विरजणाशिवाय दही लागतं का?" असं म्हणून ती आतल्या रांगेत गेली. तिथल्या एका टाकीत स्पंज फिल्टर चालू होता, काळपट तपकिरी, बघून कोणीही धुवायला घेईल असा. तिनं कात्रीनं त्याचा मुठीएवढा तुकडा कापला, त्याच टाकीचं पाणी घालून पिशवीत बांधला आणि माझ्या हातात दिला. पैसे घेतले नाहीत. वर सांगितलं की ही टाकी मुद्दाम निवडली, कारण दोन महिन्यांत यात एकही नवा मासा आलेला नाही. दुसऱ्याच्या टाकीतून स्पंज आणताना त्यासोबत रोगही येऊ शकतो, हे मला तोवर माहीतच नव्हतं. एक नवा स्पंज फिल्टर २२० रुपयांना घेतला. पाण्याची तपासणी २० रुपये. झाला त्या दिवसाचा धंदा.

आणि गोल्डफिश? "ते माझ्याकडं आणून ठेवा," म्हणाली. गोल्डफिश खूप खातात, खूप घाण करतात, मोठे होतात. दोन फुटांची टाकी त्यांची नव्हेच. त्याच संध्याकाळी झाकणाच्या बादलीत घालून रिक्षानं नेऊन दिले. तिच्याकडं मागच्या बाजूला एक मोठा टब आहे, त्यात सोडले. ठेवण्याचे पैसे किती म्हणून विचारलं तर म्हणाली, "खाण्याचा एक डबा आणून द्या कधीतरी."

तिनं दिलेल्या सूचना मी डायरीत लिहून घेतल्या आणि तशाच पाळल्या. त्या दिवशी निम्मं पाणी बदलायचं, दुसऱ्या दिवसापासून एक दिवसाआड चौथा हिस्सा. सगळं कधीच नाही. स्पंजचा तुकडा चालू फिल्टरच्या तोंडाशी बसवायचा, वाटेत वाळू द्यायचा नाही. हवेचा पंप रात्रंदिवस चालू. खाणं एक दिवसाआड, दोन मिनिटांत संपेल एवढंच. फिल्टर गच्च झाला तर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलका पिळायचा, नळाखाली नाही. लाइट सहा तासांच्या वर नको.

पाण्याबद्दलची तिची सूचना आमच्या भागातल्या लोकांसाठी खास महत्त्वाची. पिंपरी-चिंचवडला पवना धरणाचं पाणी येतं आणि २०१९च्या नोव्हेंबरपासून ते एक दिवसाआड येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशीचं पाणी थेट टाकीत घालायचं नाही. ड्रममध्ये तोंड उघडं ठेवून एक दिवस ठेवायचं, दोन-तीनदा ढवळायचं, म्हणजे क्लोरिन उडून जातो. घाई असेल तरच अँटीक्लोर. आणि नोव्हेंबरच्या थंडीत ड्रमचं पाणी गॅलरीत गार पडलेलं असतं, त्यात थोडं गरम पाणी मिसळून टाकीइतकं कोमट करून मगच ओतायचं. मी हाताला विश्वासू मानत नाही, थर्मामीटर आणला.

ढग कमी होतोय की नाही हे कसं ओळखायचं, यासाठी मी माझी एक युक्ती केली. टाकीच्या एका अरुंद बाजूला बाहेरून कालनिर्णयचं नोव्हेंबरचं पान लावलं आणि समोरच्या बाजूनं, म्हणजे दोन फूट पाण्यातून, वाचायचं ठरवलं. १८ तारखेला काहीच दिसत नव्हतं, नुसता पांढरा पडदा. २० तारखेला रविवारचे लाल आकडे ठिपक्यासारखे दिसले. २१ला सगळे आकडे वाचता आले. २२ला रात्री चष्मा लावून तिथी वाचल्या. २३ तारखेला, रविवारी सकाळी, नातीनं बिनचष्म्यानं बारीक अक्षरातला सगळा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवला. पाणी असं नितळ की दोन उरलेल्या मॉली हवेत तरंगताहेत असं वाटावं.

आम्ही दोघं लगेच दुकानात. नात तयार होऊन, केसांना रिबिनी लावून आली होती. तिनं येताना बसमध्येच ठरवलं होतं कुठले मासे घ्यायचे.

आणि ताईनं पुन्हा नाही म्हटलं.

तिनं बाटलीतलं पाणी उजेडाकडं धरून बघितलं, म्हणाली छान झालंय. मग नळ्या काढल्या. अमोनिया ४ वरून ०.५ वर आला होता. पण नायट्राइटची नळी, जी पहिल्या दिवशी फिकी निळी होती, ती जांभळी झाली. १. तिनं ती नळी माझ्या नाही, नातीच्या हातात दिली. "बघ, पाणी दिसायला स्वच्छ आहे ना? पण हा जांभळा रंग म्हणतोय की आत अजून विष आहे. पहिले कामगार कामाला लागलेत, दुसरे अजून यायचेत. आत्ता मासे नेलेस तर परत रडशील." नात नळीकडं बघत राहिली. हट्ट केला नाही. घरी येताना तिनं मला विचारलं, दुसरे कामगार कधी येणार.

मला या दुकानाबद्दल जे सांगायचं आहे ते हेच. रविवारची सकाळ, ग्राहक पैसे घेऊन दारात उभं, लहान मुलगी सोबत, पाणी आरशासारखं. चार मॉली दिल्या असत्या तर दोनशे रुपये झाले असते आणि मेल्या असत्या तर पुन्हा चार. कोणी तिला दोषही दिला नसता. तरी तिनं दिल्या नाहीत. नायट्राइट माशांच्या रक्तात शिरून रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद काढून घेतो. पाणी काचेसारखं असताना मासे गुदमरतात. ढग होता तेव्हा निदान आपल्याला काहीतरी बिघडलंय हे दिसत तरी होतं. आमच्या टाकीत नायट्राइट सगळ्यात जास्त होता तो २८ नोव्हेंबरला, २. त्या दिवशी पाणी महिन्याभरातलं सगळ्यात सुंदर होतं.

त्या दिवशी तिनं मीठ सांगितलं. साधं जाडं मीठ, ५६ लिटरला मोठे तीन चमचे, आधी तांब्याभर पाण्यात विरघळवून. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. मॉलींना मीठ चालतं, सगळ्याच माशांना आणि टाकीतल्या झाडांना चालत नाही, म्हणून माझं वाचून कोणी सरसकट टाकू नये. विचारून टाका.

पुढचं भराभर सांगतो. २ डिसेंबरला अमोनिया शून्य, नायट्राइट अजून १. थंडी वाढली होती, पाणी २२ अंशांवर गेलं होतं. तिनं सांगितलं गारठ्यात हे जंतूही सुस्तावतात, हीटर लावून २६ला ठेवा. शंभर वॉटचा हीटर तिच्याकडं नव्हता, तर तिनंच दुसऱ्या दुकानाचा पत्ता दिला. ७ डिसेंबरला नायट्राइट ०.२५, आणि पहिल्यांदा नायट्रेटची नळी नारिंगी झाली, २०. या चाचणीत दुसरी बाटली वापरण्याआधी ती अर्धा मिनिट घड्याळ लावून हलवते, तळहातावर आपटते. मी विचारलं एवढं कशाला, तर म्हणाली तळाशी बसलेलं औषध मिसळलं नाही तर आकडा खोटा कमी येतो. १० तारखेला अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. मला वाटलं आज झालं. "अजून एकदा," म्हणाली, "सलग दोनदा शून्य आलं की मग." मी परत आलो. १२ डिसेंबर, शुक्रवार, शाळा सुटल्यावर नातीला घेऊन गेलो. नळी पिवळी, नळी निळी. ताईनं स्वतःच जाळी नातीच्या हातात दिली.

मागितल्या चार, दिल्या दोन. उरलेल्या दोन पंधरा दिवसांनी न्या, म्हणाली, कारण एकदम मासे वाढवले तर कामगार पुन्हा कमी पडतील. पिशवी टाकीत वीस मिनिटं तरंगत ठेवायची, मग थोडं थोडं टाकीचं पाणी पिशवीत घालायचं, आणि पिशवीतलं पाणी टाकीत न ओतता मासे जाळीनं सोडायचे. नातीनं हे सगळं मला न विचारता केलं.

आता जे खटकलं तेही लिहितो. दुकान दुपारी एक ते पाच बंद असतं आणि गुरुवारी पूर्ण बंद. मी पहिल्या वेळी चुकून दुपारी गेलो असतो तर तसाच परत आलो असतो, कारण बाहेर कुठंही वेळ लिहिलेली नाही. फोन बहुतेक वेळा उचलला जात नाही, हात ओले असतात म्हणे. गाडी लावायला जागाच नाही, मंडईच्या बाहेर लावून चालत यावं लागतं. सकाळी काउंटरवर कधीकधी तिचा भाचा असतो. मुलगा गुणी आहे, पण त्याला चाचणी करता येत नाही. तो सरळ "संध्याकाळी या" म्हणतो. स्पंज फिल्टर ऑनलाइन पन्नास-साठ रुपयांनी स्वस्त मिळेल. माशांच्या जातीही फार नाहीत. मॉली, गप्पी, टेट्रा, कोरी, काही बार्ब. हौसेनं काही दुर्मीळ शोधणाऱ्यांना इथं मिळणार नाही. आणि एक गोष्ट मला पाहवत नाही. दुकानात चार फुटी टाकीत एक अरोवाना, म्हणजे खूप मोठा होणारा मासा, आहे, त्याला वळताना अंग वाकवावं लागतं. मी तिला तसं बोललो. कोणीतरी घर बदलताना तिच्या दारात सोडून गेलं, आणि मोठी जागा असलेलं कोणी मिळालं तर ती फुकट द्यायला तयार आहे. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाकडं मोठं तळं किंवा सहा-आठ फुटी टाकी असेल तर जरूर जाऊन बघा.

बाकी दुकान बघण्यासारखं आहे. एकाही टाकीत मेलेला मासा मी आठ खेपांत पाहिला नाही. नवे आलेले मासे डाव्या बाजूच्या खालच्या रांगेत असतात, टाक्यांवर जुन्या साडीचा पडदा. दहा दिवस झाल्याशिवाय त्यातला मासा विकत नाही. प्रत्येक टाकीची जाळी वेगळी, खिळ्याला टांगलेली, आणि खिळ्यावर रंगाच्या रिबिनीची खूण. वर्कशॉपमध्ये आमच्या हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पान्याची बाह्यरेखा रंगवलेली असायची, म्हणजे काय जागेवर नाही ते लगेच दिसे. ती रांग बघून मला तीच फळी आठवली.

खर्चाचा हिशेब ज्यांना हवा त्यांच्यासाठी. पहिल्या दिवशी मोठ्या दुकानात टाकीसकट साडेसहा हजार, वर निळी बाटली ३५०. या दुकानात महिन्याभरात स्पंज फिल्टर २२०, सात तपासण्यांचे १४०, आणि शेवटी दोन मॉलींचे १००. एकूण ४६०.

आज टाकीत चार मॉली आहेत, दोन जुन्या आणि दोन नव्या. पाणी नितळ आहे. कालनिर्णयचं पान काढून टाकलं तर नात रागावली, म्हणून आता डिसेंबरचं लावलंय. मी ताईकडं जाऊन गोल्डफिशना खाण्याचा डबा देऊन आलो. ते टबमध्ये थोडे वाढलेत. मे महिन्याच्या सुट्टीत त्यांच्यासाठी चार फुटी टाकी आणायची असं ठरलंय. ताईला सांगितलं तर तिनं तिथल्या तिथं एक नवा मोठा स्पंज काढून दिला आणि म्हणाली, टाकी मेमध्ये आणा, पण हा स्पंज आजच घरी नेऊन चालू टाकीत बसवा. काल रात्री तो बसवला. अजून पिवळाजर्द, कोरा आहे.